पाथरीचे बहिरी

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या एका कुलकर्णी घराण्याला इतिहासात शिकारी पक्ष्याचे नाव चिकटले. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, पाथरीकर ब्राह्मणाचा मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान होऊन हसन झाला आणि शाहजाद्याच्या सोबतीने वाढला. बापाचे नाव भैरव. शाहजाद्याला ते नीट म्हणता येईना, म्हणून ‘भैरू’चे ‘बहिरी’ झाले. दुसरी हकीकत म्हणते, शाही ससाण्यांची देखभाल त्याच्याकडे होती, त्यावरून हे नाव पडले. खरे काहीही असो, मलिक हसन बहिरीच्या मुलाने, मलिक अहमदने, १४९० मध्ये निजामशाही उभारली आणि पुढे बुऱ्हाण निजामशहाने वाडवडिलांचे गाव म्हणून पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या.

‘बहिरी’ मुळात अरबी, समुद्राशी नाते सांगणारा शब्द. दख्खनेत तो फारसीच्या हाताने आला. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि त्याच्या दरबारात इराणी मुत्सद्दी, कवी, सरदार येत राहिले. त्यांच्याबरोबर बाज, शाहीन, शिकरा ही पाखरांची नावे आली, मीरशिकार हा हुद्दा आला आणि सगळ्यांत दूर पोचलेला ‘शिकार’ही आला.

इराणी भाषांत शिकारीला याहून जुना एक शब्द होता. सासानी काळातल्या मध्य फारसीतला ‘नख्चीर’ कुर्दीत ‘नेचीर’ होऊन अजून नांदतो. आर्मेनियनमध्ये गेल्यावर त्याचा अर्थ कत्तल असा झाला. फारसी काव्यात तो टिकला, पण दख्खनेत रुजला नाही. इथे आली ती दरबाराच्या रोजच्या बोलण्यातली शिकार.

मराठीकडे आपले शब्द नव्हते असे नाही. प्राकृत ‘पारद्धि’वरून आलेली पारध होती, श्वापदापासून झालेले सावज होते, फास होता. ससा खाणारा तो ‘शशादन’, त्याचा ससाणा झाला होता. फारसी शब्दांनी यांना हुसकावले नाही, शेजारी बिऱ्हाड थाटले. म्हणून आजही आपण ‘बहिरी ससाणा’ म्हणतो आणि नेम मराठी असून नेमबाजाचा ‘बाज’ हा प्रत्यय फारसी असतो.

प्रतिष्ठा मात्र नव्या शब्दाकडे गेली. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी राजव्यवहारकोश रचून दरबारी फारसीला संस्कृत पर्याय दिले, तरी सभासदाच्या बखरीतल्या अठरा कारखान्यांत शिकारखाना आहेच. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. परभणीचा मुलूख १७२४ नंतर निजामाकडे गेला. हैदराबादेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसी आणि मग उर्दू ही कारभाराची भाषा राहिली, त्यामुळे हे शब्द इथे कधी परके वाटलेच नाहीत.

पारध उरली ती पारधी या जमातीच्या नावात. पण दरबारी शिकारीचे कसब पुष्कळदा त्यांच्याच हातात होते. फासेपारधी फास लावून हरणे-तितर धरत, गायपारधी गाईच्या आडोशाने सावजाजवळ जात, चितापारधी चित्ते पकडून शिकवत. चित्ता सोडून काळवीट मारणे हा संस्थानिकांचा शौक या कसबावर चाले. राजाने शिकार केली तर ती मर्दुमकी ठरे. पारध्याला मात्र इंग्रजी अमलातल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने रानातली शिकार सगळ्यांनाच बंद केली. ज्यांचा शौक सुटला त्यांच्या जेवणात फरक पडला नाही. पारध्यांचे पोटच त्यावर होते. तरीही संशयाने पाहिले जाते ते पारध्याकडेच. ‘शिकारी’ हे बिरुद मिरवणाऱ्यांच्या वाट्याला तो संशय कधी आला नाही.