खारी हवा आणि यंत्रांतील ठिणगी

आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर लहान होडीच्या पाठीमागें अडकविलेलें यंत्र तुम्हीं पाहिलेंच असेल. त्यास आउटबोर्ड मोटर म्हणतात. ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या अमेरिकन कारागिरानें इ. स. १९०९ मध्यें अशीं यंत्रें विक्रीस आणलीं, आणि पुढें तीं जगभर पसरलीं.

दोन वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचे वडील आपलें फार जुनें यंत्र घेऊन मजकडे आले. ऐन ओहोटींत, खाडीच्या मुखाशीं, तें एकाएकीं बंद पडलें होतें. होडी खडकांकडे ओढली जात असतां बापलेकांनीं वल्हीं मारून जीव वांचविला. "मास्तर, पेट्रोल आहे, प्लग नवा आहे, मग हें पेटत कां नाहीं?" असा त्यांचा प्रश्न होता. त्याचें उत्तर सर्वांच्याच उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून फिरला असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हें फॅरडे यानें इ. स. १८३१ मध्यें दाखविलें. जुन्या यंत्राच्या माथ्यावरील फ्लायव्हील नांवाच्या जड चक्रांत असेच चुंबक बसविलेले असतात. चक्राखालीं कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट असतात. पॉइंट योग्य क्षणीं उघडले कीं कॉइलच्या जाड तारेंतील प्रवाह तुटतो, बारीक तारेंत हजारों व्होल्टांचा दाब निर्माण होतो आणि प्लगमध्यें ठिणगी पडते.

आतां मिठाची करामत पाहा. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकलें तरी क्षार मागें राहतात आणि दमट हवेंतून पुन्हां ओल शोषून घेतात. पॉइंटवर गंजाचा पातळ पापुद्रा धरला कीं तेथील अल्प दाबाची वीज अडते. उलट कॉइलवर खारा ओलावा बसला कीं मोठ्या दाबाची वीज प्लगकडे न जातां भलतीकडेच पळते. जेथें वाट हवी तेथें अडथळा, आणि जेथें अडथळा हवा तेथें वाट, असा हा दुहेरी रोग आहे. शिवाय, इ. स. १८०० मध्यें व्होल्टानें जस्त, तांबें व मिठाचें पाणी यांपासून जशी वीज मिळविली, तशीच ती पितळी स्क्रू व ॲल्युमिनियमची बैठक यांच्या सांध्यांत आपोआप उत्पन्न होते. मग ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं पेट्रोलची टाकी दूर न्यावी, प्लग काढावा, आणि बॅटरी असल्यास तिची तार सोडवावी. कोणती तार कोठें जाते याचें चित्र कागदावर काढून ठेवावें. चक्र काढण्यास पुलरच वापरावा. हातोडा मारल्यास दांड्यास इजा होते.

पुष्कळ लोक आंतील भाग पेट्रोलनें धुतात. ही चूक आहे. पेट्रोलानें तेलकटपणा जातो, पण मीठ त्यांत विरघळत नाहीं. तें पाण्यांतच विरघळतें. म्हणून प्रथम गोड्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें सर्व भाग पुसावे, ते पूर्ण वाळूं द्यावे, आणि नंतर स्पिरिटनें स्वच्छ करावे. मिठावरच तेल चोपडलें तर शत्रूस घरांत कोंडून दार लावल्यासारखें होतें.

पॉइंट केवळ मळले असल्यास स्पिरिटांत भिजविलेलें कोरें कार्ड त्यांमधून ओढावें व शेवटीं कोरडें कार्ड फिरवावें. पॉलिशकागद वापरूं नये, कारण त्याचे कण आंत रुततात. खोल खड्डे पडले असल्यास पॉइंट नवेच घालावे. जुन्या जॉन्सन व एव्हिनरूड यंत्रांपैकीं पुष्कळांत पॉइंटमधील अंतर ०.०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर असतें. तथापि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेंतील अंक प्रमाण मानावा. कॉइलला तडा गेला असल्यास ती बदलावी. तारेंतील तांबें हिरवें झालें असेल तर चकचकीत तांबें दिसेपर्यंत ती कापून नवें टोक बसवावें.

सांधे घट्ट केल्यावर त्यांवर बाहेरून व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा; पॉइंटच्या तोंडास मात्र त्याचा स्पर्शही होऊं देऊं नये. चक्र बसवितांना दांड्याचा निमुळता भाग स्वच्छ व कोरडा असावा. पुढें टोपणाचें रबर शाबूत ठेवावें, आणि आंत ओल असतां टोपण लावून यंत्र ठेवून देऊं नये.

त्या यंत्राची कॉइल तडकलेली होती आणि पॉइंटवर हिरवट पापुद्रा होता. दोन सायंकाळ आम्हीं तिघांनीं काम केलें. अखेरीस मोकळ्या हवेंत, पेट्रोलपासून दूर, प्लग यंत्राच्या धातूस टेकवून दोरी ओढली, तों निळी ठिणगी तडतडली! मुलाचा आनंद गगनांत मावेना. वडील मात्र शांतपणें म्हणाले, "यंत्र सुधारलें हें खरें, पण वल्हीं होडींतच राहतील." या अनुभवी दर्यावर्दीच्या शहाणपणांत मला अधिक कांहीं घालावयाचें नाहीं.