'मेसोट्रॉन'मधली दोन जादा अक्षरे

इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही नावे तुमच्या चांगल्या परिचयाची आहेत. तिन्हींचा शेवट 'ऑन' असा होतो. पुढच्या वर्गांत फोटॉन, मेसॉन, बोसॉन भेटतात आणि यादी लांबत जाते. पाढ्यांसारखी ती पाठ करण्यापूर्वी या शब्दांची फोड करून पाहा.

'ऑन' हा ग्रीक भाषेतील नपुंसकलिंगी नामांचा प्रत्यय होय. तो बाजूला काढला की मूळ शब्द उरतो. ग्रीक भाषेत 'एलेक्ट्रॉन' म्हणजे तृणमणी, म्हणजेच झाडाची राळ लाखो वर्षे जमिनीत राहून बनलेला पिवळसर खडा. तो लोकरीवर घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो. आपल्या 'तृणमणी' या नावातही हाच गुण सांगितला आहे! १८९१ साली जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी या आयरिश शास्त्रज्ञाने विद्युत्भाराच्या मूळ एककाला इलेक्ट्रॉन हे नाव दिले. पुढे १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी शोधलेल्या ऋणभारित कणाला तेच नाव चिकटले. 'प्रोटॉस' म्हणजे पहिला. त्यावरून १९२० साली रदरफर्ड यांनी प्रोटॉन हे नाव सुचविले. लॅटिनमधील 'न्यूटर' म्हणजे दोहोंपैकी कोणताच नाही. १९३२ साली चॅडविक यांनी शोधलेला न्यूट्रॉन धनही नाही आणि ऋणही नाही.

आता इंग्रजी स्पेलिंग लिहून पाहा. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन या शब्दांत 'ऑन'च्या आधी 'टी' आणि 'आर' ही अक्षरे येतात. ती प्रत्ययाची नाहीत, मूळ शब्दांची आहेत. याच दोन अक्षरांवरून एकदा वाद झाला.

विश्वकिरणांमध्ये एक नवा कण सापडला होता. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधले होते. ग्रीक 'मेसॉस' म्हणजे मधला. म्हणून अँडरसन व नेडरमायर यांनी १९३८ साली 'मेसोटॉन' हे नाव योजले. त्यांचे ज्येष्ठ सहकारी मिलिकन यांना ते पटेना. इलेक्ट्रॉनमध्ये आणि न्यूट्रॉनमध्ये 'आर' आहे, मग यात का नको, असे त्यांचे म्हणणे. प्रोटॉनमध्ये 'ऑन'च्या आधी 'आर' येत नाही, हे अँडरसन यांनी दाखवून दिले. पण शेवटी तार करून 'आर' घालावाच लागला आणि शब्द झाला 'मेसोट्रॉन'.

१९३९ साली 'नेचर' या नियतकालिकात तीस वर्षांच्या आतील एका भारतीय शास्त्रज्ञाचे पत्र प्रसिद्ध झाले. ते होते मुंबईचे होमी भाभा. त्यांचा मुद्दा साधा होता : 'मेसॉस' या शब्दात 'टी' आणि 'आर' नाहीतच, तेव्हा 'मेसॉन' हेच नाव अधिक तर्कशुद्ध आणि आटोपशीर. पुढे तोच शब्द जगभर रूढ झाला.

मात्र नावाची फोड म्हणजे व्याख्या नव्हे. १९४७ साली पायॉन हा दुसरा कण सापडला. १९३५ साली युकावा यांनी भाकीत केलेला, अणुकेंद्रातील बलाशी संबंधित कण तोच होता. आधीच्या कणावर मात्र ते बल परिणाम करीत नाही. आज त्याला म्यूऑन म्हणतात आणि त्याची गणना इलेक्ट्रॉनच्या कुटुंबात होते. म्हणजे ज्या कणासाठी 'मेसॉन' हे नाव घडले, तो आज मेसॉन नाही! जुन्या पुस्तकात 'म्यू-मेसॉन' असे वाचलेत, तर हे ध्यानात ठेवा. शिवाय आज मेसॉन वस्तुमानावरून ठरत नाही. एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांपासून तो बनतो. बी-मेसॉन तर प्रोटॉनच्या पाचपटीहून अधिक जड आहे. 'मधला' हा अर्थ मागे पडला, नाव तेवढे राहिले.

सारखा शेवट कधी चकवतोही. सायक्लोट्रॉन आणि मॅग्नेट्रॉन हे कण नाहीत. पहिले कणांना वेग देणारे यंत्र आहे. दुसरी मायक्रोवेव्ह लहरी निर्माण करणारी नळी आहे. निऑन आणि आर्गॉन तर वायू आहेत : एक 'नवा', दुसरा 'आळशी'. बोसॉन या नावात सत्येंद्रनाथ बोस आहेत, तर फर्मिऑनमध्ये एनरिको फर्मी.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार. धन या अर्थाच्या 'पॉझिटिव्ह' या शब्दात 'आर' नाही. मग पॉझिट्रॉनमध्ये तो कोणाकडून उसना आला?