बावीस अक्षरं आणि एक गिटार

मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा तरुण बँड संतांचे शब्द घेतो, त्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि बेसची साथ देतो आणि मंचावर उभा राहतो. शब्द नामदेवांच्या आणि तुकोबांच्या काळातले, समोर कॉलेजातली मुलं. हे ऐकताना मी सारखा एकाच गोष्टीची वाट बघत होतो: गाणं कुठं अवघडतंय का? कुठंतरी शब्द कोंबावे लागले असतील, कुठंतरी ताल ओढून बसवावा लागला असेल. पण नाही! पंढरपूरच्या वाळवंटात जन्मलेलं गाणं गिटारच्या शेजारी असं ऐसपैस बसलंय, जणू ती जागा त्याचीच होती.

हे जमलं कसं? उत्तर गिटारमध्ये नाही, अभंगाच्या बांधणीत आहे. आणि ती बांधणी उलगडू लागलो की थक्क व्हायला होतं.

अभंगाचा सगळ्यात ओळखीचा साचा घ्या. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. सगळी मिळून बावीस. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त याला देवद्वार छंद म्हटलं आहे. आता भजनी ठेका आठ मात्रांचा. एका साध्या चालीत एका चरणाला ठेक्याचं एक आवर्तन द्या आणि हिशोब करा. सहा अक्षरांना आठ मात्रा, म्हणजे दोन उरल्या. दुसऱ्या चरणात दोन, तिसऱ्यात दोन, आणि चौथ्यात तर चक्क चार. दहा मात्रा रिकाम्या! बत्तीस मात्रांच्या ओळीत जवळजवळ एक तृतीयांश जागा कवीनं मोकळी सोडलेली.

ही जागा कुणासाठी? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून मागून येणाऱ्या माणसासाठी जागा धरावी, तशी ती टाळकऱ्यांसाठी धरून ठेवलेली आहे. गाणारा शेवटचं अक्षर लांबवतो, श्वास घेतो, तेवढ्यात टाळ खणखणतात, पखवाज एक तुकडा टाकतो, मागची मंडळी ओळ उचलायला सरसावतात. आता ही जागा गिटारला दिली तर? गिटारही तिथंच बसते. शब्दांना धक्का लावावा लागत नाही. आणि आठ मात्रा म्हणजे दोनदा चार. जगातलं बहुतेक रॉक चार मोजूनच चालतं. ड्रमवाल्याला काही बदलून घ्यावं लागत नाही.

दुसरी खुबी याहून नाजूक आहे. समर्थांचे ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत. तिथं लघु कुठं, गुरू कुठं हे ठरलेलं, त्यामुळे कुणीही म्हटले तरी ते त्याच डौलात चालतात. अभंग फक्त अक्षरं मोजतो. ऱ्हस्व असो की दीर्घ, अक्षर एकच. कोणतं आखडायचं, कोणतं चार मात्रा ओढायचं, हे गाणाऱ्यावर सोडलेलं. म्हणजे संतांनी शब्द दिले, सांगाडा दिला आणि चालीची किल्ली पुढच्या माणसाच्या हातात ठेवली. सातशे वर्षं ती हातोहात फिरते आहे. इतकं मोकळं आणि तरीही इतकं घट्ट काव्यरूप माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

ही मोकळीक म्हणजे काय, ते ध्वनिमुद्रिकांनी मला दाखवलं. भजनात एकेक ओळ मंडळी कितीही वेळा घोळवतात. एकच अभंग अर्धा तास रंगला तरी कुणी घड्याळ बघत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर मात्र एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, तरी एकेका गाण्याच्या वाट्याला थोडकीच. मग अभंगातली पुनरावृत्ती काढायची, गर्दी काढायची आणि तरीही अभंग उरायला हवा. उरला का?

भीमसेन जोशींचं ‘तीर्थ विठ्ठल’ ऐका. शब्द नामदेवांचे, चाल राम फाटकांची, राग अहिर भैरव. कोमल रिषभ आणि कोमल निषाद घेणारा हा सकाळचा राग. नामदेवांनी चरणाचरणात विठ्ठलाचं नाव पेरलंय. म्हणजे पुनरावृत्ती कवितेच्या आतच आहे, तबकडीला ती काढताच येत नाही! भीमसेन त्या एका नावावर दर वेळी वेगळ्या बाजूनं येतात. दहा-वीस जणांचं काम एक गळा करतो. हा गळा रोणचा, कन्नड मुलखातला. पंढरीच्या देवाला ‘कानडा’ म्हणणाऱ्या परंपरेत हे किती शोभून दिसतं!

मग लता मंगेशकर आणि श्रीनिवास खळे यांचा ‘अभंग तुकयाचे’. माझ्या मते मराठीतला सगळ्यात हळुवार अल्बम हाच. शांत, मंद रॉक आवडणाऱ्या तरुण मित्रांना मी आधी हाच ऐकवतो. ‘भेटी लागी जीवा’ सुरू होतं आणि दिंडीची गर्दी एकदम दूर जाते. एक आवाज, अगदी कानाशी. तुकोबा लोकांना सांगत नाहीयेत, स्वतःशी बोलताहेत असं वाटतं. मायक्रोफोन नसता तर हा तुकोबा आपल्याला भेटलाच नसता, कारण वाळवंटात इतक्या हलक्या आवाजात गाऊन पहिल्या रांगेलाही ऐकू येत नाही. इथं खळ्यांनी रिकाम्या मात्रा भरलेल्याच नाहीत. त्या तशाच उघड्या ठेवल्या, आणि त्यातच ती ओढ आहे.

किशोरी आमोणकरांचं ‘अवघा रंग एक झाला’ मात्र मला शांत बसू देत नाही. सोयराबाईंचे शब्द, भैरवीचे सूर. सोयराबाई चोखोबांची पत्नी. ज्या चोखोबांना देवळात पाऊल टाकता आलं नाही, त्यांची समाधी महाद्वारात, नामदेव पायरीसमोर आहे. अस्पृश्य मानलेल्यांना ते दार उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं. दाराबाहेर ठेवलेल्या बाईनं सगळे रंग एक झाल्याचं सांगावं आणि शतकांनंतर किशोरीताईंनी ते असं गावं! आळवणी नाही, तक्रार नाही, नुसता उजेड.

आता वाद्यांकडे या, कारण खरी जादू तिथं आहे.

पखवाज वाजतो तेव्हा त्याचा सूर गाता येतो. यात विशेष काय? विशेष असं की चामड्याला हे जमायला नको! गोल ताणलेलं साधं कातडं वाजवलं, तर त्यातून निघणारे स्वर एकमेकांशी १, १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात. कानाला ते सूर वाटत नाहीत, नुसता धप्प आवाज वाटतो. तारेतून मात्र १, २, ३, ४ असे सरळ पटीतले स्वर निघतात, म्हणून तार सुरेल. मग पखवाज तारेसारखा का बोलतो?

१९२० मध्ये कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांना हाच प्रश्न पडला होता. पुढे नोबेल मिळवणारे हेच ते रामन. शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी ‘नेचर’मध्ये आपल्या मृदंगाविषयी लिहिलं. गुपित मधल्या काळ्या शाईत होतं. लोहकीस आणि खळ थरावर थर घोटून कातड्याच्या मध्यावर चढवलेलं ते वजन. कातड्याचा मूळ स्वर मध्यभाग सर्वांत जास्त हलवतो, म्हणून वजनानं तोच सर्वांत जास्त मंदावतो. पुढच्या स्वराच्या वेळी नेमका मध्यबिंदू स्थिर असतो, त्यामुळे त्याला वजन फारसं जाणवतच नाही. मूळ स्वर खाली सरकला आणि १.५९ चं प्रमाण दोनाच्या जवळ आलं! पुढचे स्वरही असेच रांगेत येतात. कातड्याच्या नऊ तऱ्हांच्या थरथरी मिळून पाच सुरेल स्वर तयार होतात. कोणत्या कारागिरानं, कोणतं गणित हाताशी नसताना, नुसत्या कानानं हे साधलं असेल?

डाव्या बाजूला तर ताजी कणीक. होय, पोळीची कणीक! ती भिजवून थापली की आवाज खोल आणि घुमारदार होतो. सुकली की पाण्याचा हात. पखवाजाची उजवी बाजू गट्टे ठोकून गाणाऱ्याच्या षड्जाला मिळवता येते आणि डावी बाजू बेस गिटारच्या मुलखात उतरते. दोघांत भांडण व्हावं असं काही उरतच नाही.

आणि टाळ? काशाचे दोन टाळ तंतोतंत एका सुराचे क्वचितच असतात. समजा एक सेकंदाला १५०० वेळा थरथरतो आणि दुसरा १५०४ वेळा. दोन्ही मिळून आवाज सेकंदाला चारदा फुगतो, चारदा ओसरतो. हीच ती टाळाची लकाकी. आता दिंडीतले सगळे टाळ एकदम डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाचा सूर केसभर वेगळा, प्रत्येकाचा हात क्षणाचा लहानसा अंश मागेपुढे. त्यातून आवाजाचा एक थरथरता पडदा उभा राहतो.

आता जपानला चला. १९७५ मध्ये रोलँड कंपनीनं ‘जॅझ कोरस’ नावाचा अॅम्प्लिफायर काढला आणि पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, तीच करामत पायाशी ठेवायच्या एका पेटीत आणली. ही पेटी करते काय? गिटारच्या आवाजाची नक्कल करते, ती किंचित उशिरा सोडते, तिचा सूर किंचित हलवत ठेवते आणि मूळ आवाजात मिसळते. एक गिटार अनेक गिटारींसारखी वाजू लागते. ऐंशीच्या दशकापासूनचं मऊ, झिलमिलतं रॉक आणि आजच्या कितीतरी इंडी बँडांच्या गिटारीवरची ती ओलसर चमक याच युक्तीतून येते. विद्युतमंडलानं जे घडवलं, ते आषाढीला महाद्वाराच्या रस्त्यावर टाळकरी हातांनी घडवतात!

हे कळल्यावर मी ‘अभंग रिपोस्ट’ पुन्हा हेडफोन लावून ऐकला. बेस ओळीच्या शेवटी कुठं शिरतो, ते पाहिलं. चौथ्या चरणानंतरच्या चार मात्रांचं गिटार काय करते, ते पाहिलं. कधी तिथं ती भरभरून बोलते, कधी एकच सूर सोडून थांबते. मला थांबते तेव्हाची जास्त आवडते. ती बोलली की गाणं रॉककडे झुकतं, थांबली की वाळवंटाकडे. शब्द दोन्ही वेळा तेच, त्यांचा तोलही तोच.

एक मात्र स्टुडिओच्या बंद खोलीत सापडत नाही: मागच्या मंडळींचं उत्तर. अभंगाची ओळ एकानं टाकायची आणि सगळ्यांनी झेलायची, अशीच तिची घडण आहे. म्हणून या बँडांचं प्रत्यक्ष मंचावरचं गाणं मला मुद्रित गाण्यापेक्षा वरचढ वाटतं. तिथं ओळ संपते, गायक मायक्रोफोन लोकांकडे वळवतो आणि कधी वारीला न गेलेली पोरंसुद्धा नेमक्या मात्रेवर ओळ उचलतात.

मला एक अल्बम ऐकायचा आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात, कार्तिकीच्या दिवसांत, मोकळ्यावर मुद्रित केलेला. गिटार एकच, तीही कोरसच्या पेटीशिवाय, कारण ते काम टाळ करतील. डाव्या बाजूला ताजी कणीक लावलेला पखवाज, वीणेची एक तार सतत चालू, आणि प्रत्येक ओळीतल्या त्या दहा मोकळ्या मात्रा ज्याला येतील त्यानं भरायच्या.