रक्तवाहिन्यांचे अंतरंग : आर्जिनिनची पावडर घ्यावी का?

हाताला पट्टा बांधून दंडातली धमनी किती फुलते हे पाहणाऱ्या सेलरमायर यांच्या चाचणीविषयी आज लिहायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण नायट्रिक ऑक्साइडवर संशोधन करणाऱ्या फर्चगॉट यांच्यावरचा लेख वाचून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न आधी सोडवायला हवा. नायट्रिक ऑक्साइड धमनी सैल करते, ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनते. मग आर्जिनिनची पावडर रोज घेतली तर हृदयविकार टळणार नाही का? १९९०च्या दशकात संशोधकांनीही नेमका हाच विचार केला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या तरुणांना आर्जिनिन दिल्यावर त्यांच्या धमन्या अधिक फुलू लागल्याचे लहान अभ्यासांत दिसलेही.

तरीही हिशेब जुळत नाही. धमनीच्या अंतःस्तरात आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला निम्म्या वेगाने चालायला लिटरमागे काही मायक्रोमोल आर्जिनिन पुरते. रक्तात ते शंभराच्या आसपास असते, पेशीच्या आत त्याहूनही जास्त. गिरणीच्या दारात गव्हाच्या पोत्यांची थप्पी लागलेली असताना पीठ कमी पडत असेल, तर बिघाड जात्यात शोधावा लागतो. तो सापडलाही आहे. या विकराला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा सहघटक लागतो. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब यांमुळे त्याचे ऑक्सिडेशन होऊन तो कमी पडला, की तेच विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड बनवू लागते आणि हे सुपरऑक्साइड शिल्लक नायट्रिक ऑक्साइडही नष्ट करते. अशा विकराला आणखी कच्चा माल पुरवून काय साधणार? लहान अभ्यासांतल्या फरकाचे एक स्पष्टीकरण असे की काहींच्या रक्तात विकराला अडवणारे एडीएमए हे द्रव्य वाढलेले असते आणि जादा आर्जिनिन त्याला बाजूला सारते.

खरी कसोटी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी लावली. नुकताच पहिला मोठा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांना सहा महिने आर्जिनिन किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : धमन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही, हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता सुधारली नाही, आणि आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. एवढ्या थोड्या रुग्णांत सहा मृत्यू योगायोगानेही होऊ शकतात, हा आक्षेप रास्त आहे; आर्जिनिन जीव घेते, असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. पण ज्या फायद्यासाठी ते दिले, तोच दिसला नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आर्जिनिन देऊ नये, हा संशोधकांचा निष्कर्ष म्हणूनच मला पटतो.

मग नायट्रिक ऑक्साइडचा सिद्धान्तच फसला का? मुळीच नाही. लाइप्झिगच्या हांब्रेख्ट यांनी २००० साली हृदयाच्या धमन्यांचा विकार असलेल्या रुग्णांकडून चार आठवडे नेमाने व्यायाम करून घेतला, तेव्हा त्याच धमन्यांच्या अंतःस्तराचे काम सुधारले. व्यायामात रक्ताचा प्रवाह वाढतो, प्रवाहाचे घर्षण अंतःस्तराला जाणवते आणि पेशी ते विकर अधिक प्रमाणात तयार करतात. हे घर्षण पेशीला कळते तरी कसे, हा प्रश्न सेलरमायर यांच्या चाचणीच्याही मुळाशी आहे. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.