गावाकडचे जुने घर घेताना : आधी पाहणी, मग इसार

डिसेंबरच्या सुट्टीत कोकणात गेलेल्या चाकरमान्याला एखादे जुने कौलारू घर दाखविले जाते. सारवलेले अंगण, ओटीवर झोपाळा, मागीलदारी फणस आणि भर दुपारी माजघरात गारवा. घराचे मालक मुंबईत वा पुण्यात स्थायिक झालेले, घर कित्येक वर्षे बंद आणि किल्ली शेजाऱ्यांकडे. मागितलेली किंमत शहरातल्या एका खोलीच्या किमतीहून कमी. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीत हा व्यवहार सहज बसतो, असा हिशेब मनातल्या मनात मांडला जातो आणि परतीची गाडी पकडण्यापूर्वीच इसाराची रक्कम दिली जाते. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडतो, तेव्हा आपण नेमके काय विकत घेतले, हे प्रथमच कळते.

घर घेताना कागदपत्रे पाहिली पाहिजेत, ही जाणीव आता बहुतेकांना आहे. सातबारावर किती सहहिस्सेदार आहेत, घर गावठाणात आहे की शेतजमिनीत, हे विचारले जाते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर-आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे, हेही अनेकांना वकिलांकडून समजलेले असते. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे ही चौकशी आवश्यकच. मात्र कागद तपासण्यासाठी वकील नेमणारा माणूस घर तपासण्यासाठी कोणालाही नेमत नाही. ‘जागेचे पैसे देतोय, घर काय फुकटच मिळतेय’ हे वाक्य अशा व्यवहारात हमखास ऐकू येते. परंतु त्या फुकटच्या छपराखालीच पुढे नातवंडे झोपणार असतात, हे त्या क्षणी ध्यानात येत नाही.

शहरातील इमारतींसाठी निदान काही बंधने आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी अपेक्षित आहे. मुंबई महापालिका अधिनियमातही ३० वर्षांवरील इमारतींसाठी तशी तरतूद आहे. गावातील शंभर वर्षांच्या घराकडे मात्र असे कोणीच पाहत नाही. बँकेने कर्ज देताना मूल्यांकनकार पाठविला, म्हणजे घर तपासले गेले, असाही एक गैरसमज आहे. कर्ज बुडाल्यास मालमत्तेचे किती पैसे येतील, हे पाहणे हे त्या मूल्यांकनकाराचे काम. माळ्यावरची तुळई पोखरली आहे का, हे पाहणे त्याच्या कामात मोडत नाही.

कायदा खरेदीदाराच्या बाजूने आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला ठाऊक असलेले, परंतु खरेदीदाराला ठाऊक नसलेले आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही लक्षात न येणारे महत्त्वाचे दोष विक्रेत्याने सांगितले पाहिजेत. यातील ‘सर्वसाधारण काळजी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भिंतीला उघड दिसणारी भेग आपण पाहिली नाही, तर नंतर विक्रेत्याकडे बोट दाखविणे कठीण जाते. शिवाय वीस वर्षे गावी न फिरकलेल्या विक्रेत्याला स्वतःलाच दोष ठाऊक नसतात. जे त्याला माहीत नाही, ते तो सांगणार कसे?

पाहणी कोणाकडून करून घ्यावी, हा पहिला प्रश्न. संरचना अभियंता हवाच. पण ज्याने आयुष्यभर केवळ काँक्रीटच्या इमारतींचीच गणिते केली, तो येथे फारसा उपयोगी पडणार नाही. दगड, माती, चुना आणि लाकूड यांचे काम हाताळलेला अभियंता शोधावा आणि त्याच्यासोबत गावातला जाणता सुतार न्यावा. लाकूड कोठे सडते, हे त्या सुताराला अभियंत्याहून अधिक ठाऊक असण्याची शक्यता आहे. विक्रेत्याने वा मध्यस्थाने सुचविलेला तज्ज्ञ टाळलेला बरा.

छप्पर आणि लाकूड

कोकणातील घराची पाहणी छपरापासून सुरू करावी. एक मंगलोरी कौल साधारण अडीच किलोंचे असते आणि शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौले लागतात. म्हणजे दीड हजार चौरस फुटांच्या छपरावर साडेपाच टनांहून अधिक केवळ कौलांचाच भार असतो. पावसात पाणी शोषल्यावर तो आणखी वाढतो. हा सारा भार रीपा, वासे आणि आढे यांच्यावरून भिंतींवर आणि खांबांवर उतरतो. अंगणात उभे राहून आढ्याची रेषा पाहावी. ती मध्येच लवलेली दिसली, तर आतले लाकूड वाकले आहे वा सांधे निखळले आहेत, असे समजावे. वाशांची टोके वरच्या बाजूने सैल झाली, की ते भिंतीला बाहेर ढकलू लागतात. छपराखाली भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग आणि ओळंब्याबाहेर कललेली भिंत ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर अभियंत्याच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नये.

पूर्वी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परतून घर शाकारले जाई. शेवटची शाकारणी कधी झाली, हे शेजाऱ्यांना आवर्जून विचारावे. बंद घरात ती होत नाही, एखादे कौल सरकते, त्यातून एकाच जागी वर्षानुवर्षे पाणी ठिबकते आणि बरोबर त्याच्याखालचे तुळईचे टोक कुजते. माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत ही सरकलेली कौले मोजण्यापलीकडची असतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात अनेक घरांची छपरे उडाली. त्यानंतर दुरुस्त केलेल्या छपरात जुन्या सागाऐवजी कोणते लाकूड घातले, हेही या भागात विचारावयास हवे.

लाकडाची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. वाळवी आतून खाते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. रंग दिलेला खांब बाहेरून ठणठणीत दिसतो आणि टोचा लावताच तो मुठीपर्यंत आत जातो. लाकूड ठोकून पाहिल्यावर येणारा पोकळ आवाज, भिंतीवरून चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या आणि जमिनीवर पडलेली पिठासारखी भुकटी या तीन गोष्टी सुताराला पुरेशा असतात. खांबाचा तळ आणि भिंतीत गाडलेली तुळईची टोके या सर्वांत धोक्याच्या जागा. गाडलेले टोक पाहण्यासाठी भिंतीचे दोन दगड काढावे लागतात. त्यासाठी मालकाची परवानगी आधीच घ्यावी. ती मिळाली नाही, तर ‘ही जागा तपासता आली नाही’ असे अहवालात स्पष्ट लिहून घ्यावे.

भिंती बोलतात

जांभा दगडाची भिंत खाणीतून काढलेल्या चिऱ्यांची असते आणि जुन्या घरांत त्यांची जोडणी माती वा चुन्याची असते. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढते आणि पृष्ठभागावरून हवेत निघून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला, की तिची वाट बंद होते. ओल आणखी वर चढते, लोणा लागतो आणि आतली माती भुसभुशीत होते. विक्रीपूर्वी घाईघाईने केलेला सिमेंटचा गिलावा आणि ताजा रंग पाहून सुखावणारा ग्राहक म्हणूनच भोळा ठरतो. न रंगविलेली, थोडी कळकट भिंत पाहणाऱ्याला अधिक प्रामाणिकपणे माहिती देते.

भेगांचेही प्रकार असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि वर रुंद होत गेलेली भेग बहुधा पाया एका बाजूला खचल्याचे सुचविते. जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यावरची सरळ उभी भेग ही दोन्ही भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसल्याची खूण असते. भेग जुनी व स्थिरावलेली आहे की अजून वाढते आहे, हे एका भेटीत कळत नाही. त्यासाठी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितात. पट्टी तडकली, तर हालचाल चालू आहे. याला काही महिने लागतात. पण ज्या घराने शंभर वर्षे काढली, त्याच्यासाठी खरेदीदाराने एक पावसाळा थांबण्यास हरकत नसावी.

घाटावर आणि मराठवाड्यात प्रश्न वेगळा आहे. तेथील माळवदाच्या घरांत जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या असतात. बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन पदर आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे दगड नसतील, तर हादरा बसताच ते एकमेकांपासून सुटतात. वर माळवदावर दर काही वर्षांनी मातीचे नवे थर चढविलेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती अशाच भिंती व छपरांखाली. तेथील अनुभवानंतर जुन्या भिंतींत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीटचे जोडदगड भरणे, दरवाजे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना सलग पट्ट्याने बांधणे आणि माळवदाची जादा माती उतरविणे हे उपाय रूढ झाले. माळवदाचे घर घेणाऱ्याने अभियंत्याला हेच तीन प्रश्न विचारावेत : जोडदगड आहेत का, पट्टा आहे का आणि वर माती किती जाड आहे? ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण असलेल्या साताऱ्याच्या डोंगरी भागातही हे प्रश्न तितकेच लागू आहेत.

‘कौले काढून स्लॅब टाकू’

जुने घर घेणाऱ्या दहांपैकी निम्म्यांच्या तरी मनात ही योजना असते. दरवर्षीची शाकारणी नको, माकडे नकोत, वर एक मजलाही चढविता येईल. पण आकडे पाहावेत. कौलांचा भार दर चौरस मीटरला चाळीस किलोंच्या आसपास, तर पाच इंची काँक्रीट स्लॅबचा तीनशे किलोंहून अधिक. मातीत जोडलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर सात-आठ पट ओझे ठेवावयाचे आणि तिच्या पायाखाली काय आहे, हे पाहावयाचेही नाही, असा हा प्रकार आहे. आपली भविष्यातील योजना अभियंत्याला आधीच सांगावी आणि पायाजवळ एक चाचणी-खड्डा घेऊन जोत्याची खोली पाहून घ्यावी. घर आहे तसे राहण्यास योग्य, परंतु स्लॅब पेलण्यास अयोग्य, असे उत्तर पुष्कळदा येते आणि त्यावर आपला निर्णय फिरू शकतो.

काही घरांत आधीच पडवीवर वा न्हाणीघरावर स्लॅब घातलेला असतो. खाडीची वा समुद्राची वाळू न धुता वापरली असल्यास त्यातील क्षारांमुळे सळया गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. अशा स्लॅबची हातोडा-चाचणी करून घ्यावी. नुसता गिलावा मारून झाकलेले पोपडे पुन्हा सुटतातच.

विजेच्या तारा जुन्या असतील, तर त्या बदलावयाच्याच, असे गृहीत धरून खर्च मांडावा. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीला किती जवळ आहे, हे मात्र मोजावे. विहिरीचे पाणी डिसेंबरात पाहून उपयोग नाही, ते मे महिन्यात पाहावे.

घराबाहेरची पाहणीही याचाच भाग आहे. घरामागचा डोंगर किती उभा आहे, उतारावर नव्या भेगा वा कललेली झाडे आहेत का, रस्त्यासाठी पायथा कापला आहे का, पावसाळ्यात झऱ्याने वाट बदलली का? माळीण (३० जुलै २०१४), महाडजवळील तळीये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (जुलै २०२३) येथे वरून डोंगरच खाली आला. भिंती कितीही भक्कम असत्या, तरी उपयोग नव्हता. ज्या दिवशी तळीये गेले, त्याच दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले होते. नदीकाठच्या घरात भिंतीवरची पुराची रेघ शोधावी. ती रंगाखाली गेली असेल, तर शेजारच्या वृद्धांना विचारावी.

अहवाल कसा असावा, हेही आधी ठरवून घ्यावे. ‘घर जुने असले तरी चांगले आहे’ अशा चार ओळींच्या दाखल्याला काही अर्थ नाही. प्रत्येक खोलीची छायाचित्रे, घराचा आराखडा, ताबडतोब करावयाची कामे, वर्षभरात करावयाची कामे व केवळ लक्ष ठेवावयाच्या बाबी, त्यांचा अंदाजे खर्च आणि न तपासता आलेल्या जागांची नोंद एवढे त्यात हवेच. शुल्क आणि प्रवासखर्च लेखी ठरवावा. ही रक्कम अनेकांना वायफळ वाटते, पण एक सडलेली तुळई बदलताना वरची कौले, रीपा व वासे उतरवून पुन्हा चढवावे लागतात, तेव्हा होणाऱ्या खर्चाशी तिची तुलना करून पाहावी.

इसार देण्याची वेळ येते ती यानंतर. विक्रेता थांबावयास तयार नसेल आणि घर हातचे जाईल अशी भीती असेल, तर अल्प रक्कम देऊन साठेखतात अट घालून घ्यावी : संरचना अभियंत्याच्या अहवालात ठरावीक रकमेहून अधिक दुरुस्ती निघाल्यास व्यवहार रद्द करण्याचा व इसार परत मिळण्याचा हक्क खरेदीदाराला राहील. अटीची भाषा वकिलाकडूनच करवून घ्यावी. पुष्कळदा व्यवहार मोडत नाही, अहवाल समोर ठेवून किंमत खाली येते आणि वाचलेल्या पैशात छपराचे काम होते. शक्य असेल, तर खरेदीखतापूर्वीची शेवटची भेट जुलैत ठेवावी. पाऊस कोसळत असताना बॅटरी घेऊन माळ्यावर चढावे आणि कोठे ठिबकते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.