भिशीपासून स्वयंपाकघरापर्यंत : घरातील निर्णयांतून उलगडणारे अर्थशास्त्र

‘इकॉनॉमिक्स’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील ‘ओइकोस’ म्हणजे घर या शब्दात आहे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात झेनोफोनने लिहिलेल्या ‘ओइकोनोमिकोस’ या ग्रंथाचा विषय घर आणि शेतीवाडीची व्यवस्था हाच होता. वर्गात मात्र हा विषय बहुधा मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषांपासून सुरू होतो आणि विद्यार्थ्याला त्यात स्वतःचे घर कुठेच दिसत नाही. वास्तविक, अर्थशास्त्रातील बहुतेक मूलभूत संकल्पना घरात रोज वापरल्या जातात. फक्त त्यांना तेथे नाव नसते.

भिशीचेच उदाहरण घेता येईल. उत्तर भारतात ‘कमिटी’, तर दक्षिणेत ‘चिट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यवहारात समजा, बारा घरे दरमहा प्रत्येकी २,००० रुपये जमा करतात आणि २४,००० रुपयांची रक्कम दर महिन्याला एकेका घराला मिळते. पहिल्याच महिन्यात रक्कम उचलणारे घर स्वतःचे २,००० रुपये भरून २४,००० घेते. म्हणजे ते २२,००० रुपयांचे बिनव्याजी कर्जदार ठरते. शेवटचा क्रमांक लागलेले घर वर्षभर बचत करूनही व्याजाला मुकते. त्यातच महागाई वाढली तर त्याच्या २४,००० रुपयांत वर्षअखेरीस कमी वस्तू येतात. लिलावाच्या भिशीत हा हिशेब उघड होतो. मुलाच्या शुल्कासाठी तातडीने पैसे हवे असलेला सदस्य २१,००० रुपयांवर समाधान मानतो आणि उरलेले ३,००० रुपये सदस्यांत वाटले जातात. हे ३,००० रुपये म्हणजे पैसा आज हातात येण्याची किंमत. व्याजाची याहून सोपी व्याख्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

याच उदाहरणातून जोखीमही शिकवता येते. नोंदणीकृत चिट फंडांसाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे. गल्लीतील भिशी मात्र तारणाऐवजी ओळखीवर चालते. पहिली रक्कम उचलणाऱ्याने पुढचे हप्ते थांबवले, तर तोटा कोणाचा, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतात.

शिकवणीचे वर्षभराचे शुल्क भरल्यानंतर ती निरुपयोगी असल्याचे ध्यानात आले, तर ‘पैसे भरलेच आहेत’ म्हणून मुलाला तेथे पाठवत राहावे काय? परत न मिळणारे शुल्क हा बुडीत खर्च होय. निर्णय पुढे जाणाऱ्या वेळेचा करायचा असतो. तो वेळ अन्यत्र लावल्यास जे मिळाले असते, तो संधी खर्च.

वेळेचा विचार आला की गाडी स्वयंपाकघरात पोहोचते आणि विषय अवघड होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. या श्रमाचे मूल्य राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही. तोच स्वयंपाक पगारी माणसाने केला, तर त्याचे वेतन मात्र उत्पन्न मानले जाते.

कामाची ही विभागणी कशी ठरते, यावर अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. १९९२ चे नोबेल मिळवणारे गॅरी बेकर यांनी तिचे स्पष्टीकरण विशेषीकरणाच्या लाभातून दिले : ज्याला जे तुलनेने अधिक चांगले जमते, ते त्याने केल्यास कुटुंबाचा फायदा होतो. अमर्त्य सेन यांच्या मते कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष एकत्र नांदतात. ज्याच्याकडे स्वतःचे उत्पन्न आणि पर्याय, त्याचे पारडे जड. बेकर यांचा तर्क आकर्षक असला, तरी मुलीलाच लहानपणापासून स्वयंपाक शिकवला जात असेल, तर तिची ‘तुलनात्मक सरसता’ निसर्गाने दिलेली नव्हे, घरानेच घडवलेली असते. या मुद्द्यावर सेन यांची मांडणी अधिक पटणारी आहे.

अशा अध्यापनात शिक्षकांना एक पथ्य पाळावे लागते. मुलांना घरचे उत्पन्न किंवा कर्ज वर्गात सांगायला लावू नये. त्यासाठी काल्पनिक कुटुंबाचा जमाखर्च पुरतो. वेळेची नोंद मात्र प्रत्येकाला ठेवता येते : एका दिवशी घरात कोण किती वाजता उठले, पाणी कोणी भरले, आजीचे औषध कोणी दिले आणि शेवटी जेवायला कोण बसले.