७२ तासांचा कोर्स, वजूचं पाणी आणि गावाकडची बंद वाडी

कोपरखैरण्यात राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांचं रायगड किंवा रत्नागिरीत घर असतं. घरामागे वाडी, वाडीत विहीर. मे महिन्यात आठ दिवस जायचं, आंबे खायचे, वाढलेलं रान बघून हळहळायचं आणि परत यायचं. "आता कोण बघणार?" हा प्रश्न दरवर्षी तसाच राहतो. पर्माकल्चर डिझाइनचा कोर्स या प्रश्नाला उपयोगी पडू शकतो. त्यात काय शिकवतात ते पाहू.

पर्माकल्चर हा शब्द ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली पुस्तकातून पुढे आणला. थोडक्यात अर्थ असा : झाडं, पाणी, माती, जनावरं आणि घर यांची मांडणी अशी करायची, की एकाचा कचरा दुसऱ्याचं खत व्हावा आणि बाग वर्षागणिक कमी कष्टात चालावी. याचा कोर्स जगभर साधारण ७२ तासांचा असतो. निवासी असेल तर दहा ते पंधरा दिवस लागतात.

खरं शिक्षण वर्गाबाहेर होतं. पहिले एक-दोन दिवस तर नुसतं बघायचं. ऊन कुठून येतं, वारा कुठून, पावसाचं पाणी कुठून शिरतं आणि कुठून पळून जातं. मग तीन काठ्या, दोरी आणि एक दगड घेऊन इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट बनवतात. तिने उतारावर एकाच पातळीतल्या जागांवर खुणा करायच्या आणि त्या खुणांवरून समतल चर खोदायचा. चरात पाणी थांबतं, जमिनीत मुरतं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिलमध्ये कितीतरी गावांत टँकर येतो. पाणी पडतं पण थांबत नाही, हे ती काठ्यांची चौकट हातात धरली की लगेच कळतं. (फार तीव्र उतारावर मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय चर खोदू नये. दरड सरकण्याचा धोका असतो.)

पुढे कंपोस्ट, आच्छादन, रोपवाटिका. आणि झाडांचे थर : उंच झाड, त्याखाली मध्यम, मग झुडूप, वेल, जमिनीलगतचं पीक. हे ऐकताना कोकणातल्या माणसाला हसू येईल. नारळ, त्याच्या सावलीत सुपारी नि जायफळ, खोडावर मिरीचा वेल, खाली हळद आणि अळू, आपली वाडी हीच तर होती! रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ याच पद्धतीची आहे : नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी. न्हाणीचं पाणी मागच्या केळीला सोडायचं, हे तर दादी-नानीला कुणी शिकवलं नव्हतं. कोर्समध्ये त्याला केळीचं वर्तुळ म्हणतात आणि त्याचा नकाशा काढायला लावतात. त्यांना ते सवयीने जमत होतं. आपली सवय तुटली, म्हणून आपल्याला शिकावं लागतंय.

शहरात काय करता येईल? मशिदीचंच उदाहरण घ्या. एका वजूला पाच लिटर पाणी धरलं, तरी दोनशे नमाजींमागे हजार लिटर पाणी गटारात जातं, तेही बिनसाबणाचं. वाहत्या नदीकाठीही वजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. वापरलेल्या पाण्याने पुन्हा वजू होत नाही, पण झाडाला ते चालतं. त्यासाठी वजूखान्याची नळी वेगळी हवी आणि तिच्यात शौचालयाचं पाणी येता कामा नये. हे पाणी कच्च्या खायच्या पालेभाजीला न देता नारळ, केळी, कडुलिंब अशा झाडांना द्यावं.

गच्चीवर बाग करायची तर आधी सोसायटीची परवानगी आणि इंजिनिअरचा सल्ला घ्या. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या आसपास भरते. मातीऐवजी पालापाचोळा आणि कंपोस्ट वापरलं तर वजन बरंच कमी होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली, ती याच वाटेने. काही ठिकाणी खतासाठी गोमूत्र सांगितलं जातं. मनात पाकीचा प्रश्न असेल तर ते टाळता येतं. ताक-गुळाचं पाणी किंवा नीट कुजलेलं कंपोस्ट काम करतं.

कोर्स कुठे करायचा? सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जहीराबाद भागात ‘अरण्य’ ही संस्था बरीच वर्षं असे कोर्स घेते. २०१७ मध्ये हैदराबादला झालेल्या आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर परिषदेच्या आयोजनात तिचा पुढाकार होता. इतरही ठिकाणी कोर्स चालतात, पण पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. ७२ पैकी किती तास जमिनीवर काम आहे? शिकवणाऱ्याची स्वतःची बाग किती वर्षांची आहे, आणि ती बघायला मिळेल का? शेवटी स्वतःच्या जागेचा आराखडा करून मिळतो का? मुलींची राहण्याची सोय, जेवण आणि नमाजची वेळ याचंही आधीच बोलून घ्या, संकोच करू नका. या प्रमाणपत्राने नोकरी मिळेल असं कुणी सांगत असेल तर सावध राहा. ती सरकारी पदवी नाही.

आणि कोर्सआधीचा गृहपाठ फुकट आहे. या पावसाळ्यात मुसळधार पडत असताना एकदा गावाला जा, छत्री घेऊन वाडीत उभे राहा आणि पाणी कुठून कुठे जातं ते कागदावर काढा. सोबत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला न्या. कुठलं झाड कुठे होतं आणि विहीर पूर्वी कधी आटायची, हे नकाशात लिहायला तेच सांगतील.